साथीचं काम: एका पेटीवाल्याच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

यंदा मे संपायच्या आतच पाऊस येऊन बसला. लग्नसराईतले शेवटचे सुगम संगीताचे कार्यक्रम मांडवासकट भिजले. आता गणपतीपर्यंत तारखा विरळच राहणार. म्हणून बरेच दिवस डोक्यात असलेलं काम आज वहीवर घेतलं.

मी पेटीवाला, म्हणजे हार्मोनियम वाजवणारा. राहायला कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. शास्त्रीय गायनातल्या ख्यालाला साथ करतो, नाट्यपदांना करतो, कीर्तनाला, भजनाला करतो, कथकला लेहरा (तालाचं आवर्तन दाखवणारी फिरती धून) धरायला जातो, शाळेच्या स्नेहसंमेलनालाही बसतो. संध्याकाळी घरी शिकवणी. या सगळ्यावर घर चालतं आणि वाईट चालत नाही. पण ‘तुम्ही काय काय करता आणि किती घेता?’ असं कुणी विचारलं, की विचारणारा कोण आहे ते बघून मी उत्तर देतो. वीसेक वर्षं हे असंच रेटलं. दिवाळीपर्यंत लिहून काढायचं: कोणतं काम माझं, कोणतं सोडायचं, दर काय, आणि साठी उलटल्यावरही बसता यावं म्हणून हात, पाठ, कान आणि वाद्य यांची काय व्यवस्था करायची.

आत्ताच का, तर खासबाग मैदानाशेजारच्या त्या इमारतीमुळे. गेल्या वर्षी ८ ऑगस्टच्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१५ चं पॅलेस थिएटर ते. तिथे संगीत नाटक किंवा नाट्यगीतांचा कार्यक्रम असला की पेटीवाल्याला बरे पैसे सुटायचे, कारण तिकीट असायचं. ती जागा बंद झाल्यापासून माझं बरंचसं काम छोट्या सभागृहांत आणि मंगल कार्यालयांत सरकलंय. तिथे तिकीट नसतं, पाकिटात काय घालायचं ते आयोजकाच्या मनावर. नाट्यगृह पुन्हा उभं राहील. तोवर त्याला धरून न चालता माझा हिशोब बसतो का, ते बघायचंय.

१३ जून

जुन्या डायऱ्या काढून बसलो. मिळकतीतला मोठा वाटा शिकवणीचा निघाला, यात नवल नाही. नवल वाटलं ते वेळेचं. पेटी वाजवण्यात जितका वेळ जातो त्याच्या कितीतरी पट तिची ने-आण, माइक लागायची वाट बघणं, पाहुण्यांची भाषणं आणि दीपप्रज्वलनासाठी खोळंबलेल्या काडेपेट्या यांत जातो.

एक काम आजच खोडलं. ट्रॅकवर (म्हणजे आधीच मुद्रित केलेल्या साथीवर) गाणाऱ्यांच्या कार्यक्रमात पेटी घेऊन बसायचं. हौशी मंडळी असतात, गातातही बरी, माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही. पण गाणं सगळं ट्रॅकवर चालू असतं, माझ्या पेटीचा माइक बारीक केलेला असतो आणि मी फोटोत दिसावा म्हणून बसवलेला असतो. पैसे बरे मिळतात. तरी नको.

२६ जून

शाहू जयंती. सकाळी दसरा चौकात गर्दी, मग एका शाळेत समूहगीतं. मुलांनी पट्टी सोडून स्वतःचीच काढली, मी त्यांच्या मागे गेलो. पट्ट्या सरकवून सा बदलता येणाऱ्या स्केल चेंजर पेटीचा एवढाच काय तो फायदा. बाकी आज नोंद करण्यासारखं काही नाही.

१० जुलै

गुरुपौर्णिमा. कसबा बावड्याला गुरुजींकडे गेलो. वय झालंय, पण भात्यावरचा डावा हात अजून श्वास घेतल्यासारखा चालतो. त्यांना या वहीबद्दल सांगितलं. त्यांनी दरवर्षीचा प्रश्न पुन्हा विचारला, “सोलो कधी वाजवणारेस?”

या प्रश्नाला मी इतकी वर्षं ‘बघू’ म्हणत आलोय. पेटीवाल्यांच्या जगात एक उतरंड आहे आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. खाली भजन, मग सुगम, मग नाट्यसंगीत, मग ख्यालाची साथ, आणि सगळ्यांत वर सोलो. या भागात तर ती मोठीच परंपरा आहे. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे (१८८१ ते १९५५) ऐन उमेदीत साथीलाही आणि स्वतंत्र वादनालाही नावाजले गेले. पलीकडे बेळगावात रामभाऊ विजापुरे यांनी पिढ्यान् पिढ्या पेटीवाले घडवले. तुळशीदास बोरकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. असं सगळं समोर असताना ‘मला साथच करायचीय’ म्हणणाऱ्याकडे लोक कच खाल्लेला माणूस म्हणून बघतात.

आज गुरुजींना सरळ सांगितलं, “गुरुजी, सोलो माझा नाही. मला गाणाऱ्याच्या मागे बसून जे ऐकू येतं त्यातच गोडी आहे.” ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मग तसं मनाशी ठरवून बस. नाइलाजाने बसू नकोस. नाइलाजाने बसलेला साथीदार गाणाऱ्याला लगेच कळतो.” मग चहा आला आणि विषय पावसावर गेला.

घरी आल्यावर वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: माझं काम साथ. भजनापासून ख्यालापर्यंतच्या त्या पायऱ्या खोडल्या. या सगळ्या कामांत गाणारा किंवा नाचणारा पुढे आणि मी मागे, आणि मागे राहून त्याला हवं ते हव्या क्षणी देणं हेच माझं कसब. भजनात ते वेगळं दिसतं, ख्यालात वेगळं, पण हात तोच.

एक आठवण इथे टिपून ठेवतो, कारण शिष्यांना सांगावी लागते. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत राहिली. आक्षेप दोन. हिच्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही आणि हिचे सूर पाश्चात्त्य समजुळणीचे, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून लावलेले. दोन्ही आक्षेप खोटे नव्हते. पण त्या तीस-एकतीस वर्षांत मैफलींतून, नाटकांतून, देवळांतून पेटी काही उठली नाही. ज्याला सलग गाताना मागे हमखास आधार हवा होता त्याने तिला धरून ठेवलं. माझ्या व्यवसायाचा पाया तो आधार आहे.

१८ जुलै

पाऊस थांबायला तयार नाही. राजाराम बंधाऱ्यावरचे पंचगंगेच्या पाण्याचे आकडे घरोघरी तोंडपाठ: ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ च्या पुरात एका विद्यार्थिनीच्या घरी पेटी पाण्यात गेली होती. पितळी सूर (आवाज काढणाऱ्या जिभल्या) धुऊन वाळवून परत वाजले, पण सरस सुटून पेटीचे सांधे उघडले आणि भात्याचं कातडं गेलं. तेव्हापासून माझ्या दोन्ही पेट्या जूनमध्येच माळ्यावर जातात, कार्यक्रमापुरत्या खाली येतात.

या दोन पेट्यांचा प्रश्न आज सोडवायला बसलो. पहिली जुनी, खर्ज-नर (खालच्या आणि मधल्या सप्तकाच्या) सुरांची, बिनस्केलची (पट्ट्या न सरकणारी), काळी एकला (पहिल्या काळ्या पट्टीला सा मानून) गांधार (ग) जुळवून लावलेली. दुसरी स्केल चेंजर, समजुळणीची, वजनाला जड.

बाहेरच्यांना वाटतं, स्केल चेंजर असली की संपलं, पट्ट्यांची पाटी सरकवायची आणि कोणत्याही सुरात वाजवायचं. ते समजुळणीपुरतं खरं आहे. समजुळणीत शुद्ध गांधार ४०० सेंटवर येतो (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). तंबोऱ्यातून जो गांधार आपोआप ऐकू येतो तो ३८६ च्या आसपास. चौदा सेंट म्हणजे फार नाही, भावगीतात कुणाच्या लक्षातही येत नाही. पण यमन किंवा भूपात गाणारा त्या गांधारावर थांबला आणि मी माझा चढा गांधार शेजारी धरला, की दोन सूर एकमेकांना घासतात. गाणारा मग नकळत माझ्याकडे सरकतो. त्याचं गाणं माझ्या पेटीमुळे बिघडलं आणि त्याला कारणही कळलं नाही, असं होतं.

म्हणून नैसर्गिक जुळणी, तंबोऱ्यातल्या सुरांना धरून केलेली. पण ती एकाच षड्जाला धरून असते, स्केल चेंजरवर केली तर पाटी सरकवल्याबरोबर सगळं विस्कटतं. गंमत अशी की काळी एकला लावलेली जुनी पेटी काळी चारला वाजवली, म्हणजे तिच्या पंचमालाच सा मानलं, तर बाकीचे शुद्ध सूर जागेवर बसतात आणि एकटा रिषभ २२ सेंटनी उतरतो (धैवत गांधाराशी जुळवलेला असला तर). म्हणजे काळी चारला गाणाऱ्या बाईंच्या मागे मी याच पेटीवर निभावून नेऊ शकतो, रिषभ फक्त टेकून सोडायचा, त्याच्यावर उभं राहायचं नाही. काळी पाच मागितली की मात्र उपाय नाही.

या वेडापायी आधीच्यांनी काय काय केलंय! शेजारच्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि त्या वेळचे न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी १९१० च्या सुमारास बावीस श्रुतींची पेटी करवून घेतली होती. बोटांची संख्या मात्र दहाच राहिली, आणि ती पेटी मैफलीत रुजली नाही.

ठरलं असं: स्केल चेंजर सुगम, शाळा आणि नाट्यपदांसाठी समजुळणीतच राहील. जुनी काळी एकलाच. तिसरी, बिनस्केलची, काळी पाचला लावून घ्यायची. त्यासाठी प्रत्येक बिदागीतला दहावा हिस्सा बाजूला. दुरुस्तीवाल्या काकांना फोन केला तर म्हणाले, “दसऱ्यापर्यंत पेटीला हात लावत नाही मी. हवेत ओल असताना सूर घासायचा नसतो.” बरोबर आहे. टोकाकडे घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, आणि गेलेलं पितळ परत येत नाही.

२ ऑगस्ट

दराचा कागद. हे सगळ्यांत अवघड जाणार असं वाटलं होतं, आणि तसंच झालं.

आमच्याकडे बिदागी विचारणं अजून असभ्य समजतात. ‘तुमचं काय ते बघू’ असं म्हणतात आणि कार्यक्रमानंतर पाकीट हातात येतं. घरी येऊन ते उघडेपर्यंत आपली त्या संध्याकाळची किंमत आपल्याला ठाऊक नसते. एका संस्थेच्या कार्यवाहांना मी गेल्या महिन्यात आकडा आधी सांगितला, तर ते हसून म्हणाले, “पाव्हणं, पेटीचं पण वेगळं व्हय? गाणाऱ्या बाईंच्यातच धरलंय की सगळं.” बाईंच्यातच धरलंय म्हणजे बाईंनी त्यांच्या मानधनातून मला आणि तबलजीला द्यायचं. बाई तरुण, आधीच अवघडलेल्या. त्या स्वतःला कमी ठेवून आम्हाला देतात, हे मला माहीत आहे. ही पद्धत मोडायची तर दर मी लिहून आयोजकाकडे द्यायला हवा, गाणाऱ्याच्या गळ्यात टाकायचा नाही.

संध्याकाळी तबल्याच्या मित्राला कागद दाखवला. वाचून म्हणाला, “तू दर लावलास म्हंजे मला बी लावाय पायजे की. नाहीतर लोक म्हणणार, पेटीवाला महाग, तबलजी स्वस्त.”

“मग लाव की.”

“लावतो, पण सरावाचं वेगळं पैसं कोण देणाराय इथं?”

इथेच आमचं वाजलं. माझं म्हणणं, ख्यालाच्या बैठकीत सराव एकदा तरी व्हावा आणि त्याचे पैसे धरावेत. त्याचं म्हणणं, सराव हा आपला अभ्यास, त्याचे पैसे मागितले तर तरुण गायक बोलावणंच बंद करतील. तोही चुकीचा नाही. शेवटी एक तोडगा लिहिला: ज्या गायकाबरोबर पहिल्यांदाच बसायचं किंवा जिथे नवी पदं बसवायची तिथे सराव धरून एकच रक्कम. जुन्या माणसांबरोबर सरावाचे पैसे नाहीत. विद्यार्थ्यांच्या पहिल्या बैठकीला अर्धा दर, आणि तेही त्यांच्या पालकांकडून न घेता आयोजकाकडून.

गावाबाहेर प्रवास वेगळा. गडहिंग्लज, गारगोटी, इचलकरंजी कुठेही असो. पेटी मांडीवर घेऊन एसटीने जायचे दिवस संपले, पाठ नाही म्हणते.

शाल आणि श्रीफळ आनंदाने घेईन. ते बिदागीत धरलं जाणार नाही, एवढं एक वाक्य कागदावर घातलं.

८ ऑगस्ट

आगीला वर्ष झालं. उद्या केशवरावांची जयंती. १८९० चा जन्म, १९०८ साली ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली आणि १९२१ मध्ये गेलेदेखील. एकतीस वर्षांचं आयुष्य. नाटक मंडळी चालवणारा नट म्हणजे गळा सांभाळायचा, मंडळींचे पगार सांभाळायचे, कर्ज सांभाळायचं. त्या मंडळ्यांत ऑर्गनवाला, तबलजी, सारंगीवाला महिन्याच्या पगारावर असत. जेवण कंपनीचं. आज एका कार्यक्रमासाठी येऊन एका पाकिटावर जाणाऱ्या आम्हा लोकांना ती व्यवस्था स्वप्नवत वाटते, पण कंपनी बुडाली की सगळेच रस्त्यावर येत, हेही त्याच इतिहासात आहे.

संध्याकाळी खाऊगल्लीकडे जाताना मुद्दाम तिकडून गेलो. पत्रे लावलेत. आत कामाचे आवाज होते.

३० ऑगस्ट

गणपती बसलेत, आणि त्याबरोबर डॉल्बी. परवा एका मंडळापुढे भक्तिगीतांचा कार्यक्रम होता. आमच्या डाव्या हाताला शेजारच्या मंडळाच्या स्पीकरांची भिंत उभी. छातीत ठोके बसत होते. मी काय वाजवत होतो ते मला ऐकू येत नव्हतं, गाणाऱ्याला तर अजिबात नाही. रात्री घरी आल्यावर कानात बारीक शिट्टी, सकाळपर्यंत.

ज्याचं सगळं काम ऐकण्यावर चालतं त्याने हे किती वेळा सोसायचं? कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करून घेतली. सध्या ठीक आहे. त्यांनी कानात घालायचे बूच दिले आणि शिट्टी दिवसभराच्या वर टिकली तर लगेच या म्हणाले. वहीत नवा नियम: जिथे शेजारी डॉल्बी आहे तिथे रात्री बसायचं नाही. सकाळच्या आरतीनंतरचा कार्यक्रम घ्यायचा. पैसे कमी, पण शेजारची भिंत तेव्हा गप्प असते. आणि कान तपासणी दरवर्षी, पेटीच्या सर्व्हिसिंगबरोबरच.

पाठीचंही लिहून टाकतो. आपण मांडी घालून, अंग डावीकडे वळवून भाता मारत तासन् तास बसतो. त्याने कमरेची एक बाजू आखडते. फिजिओथेरपिस्टने दाखवलेले ताण सकाळी अलंकारांच्या रियाजाआधी. बुडाखाली उशी. पेटी उचलताना कंबरेत वाकायचं नाही. हे सगळं शिकवणीत पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं, आपल्याकडे कुणी सांगत नाही.

१५ सप्टेंबर

आजचा सराव या सगळ्या वहीचं सार म्हणावा असा झाला, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका. हे घराणं म्हणजे कोल्हापूरचंच म्हणायचं. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या काळात इथे दरबारी होते, आणि त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँ यांनी इथे राहून शिकवलं. मल्लिकार्जुन मन्सूरांसारखा माणूस त्यांच्याकडे शिकला. या गायकीत अनवट राग, जोडराग, आणि विलंबित असलं तरी तीनतालाची जिती लय. आलाप आणि लय वेगळे पडत नाहीत. सुरांची वळणं एकातून एक निघत जातात आणि समेवर अशा वाटेने येतात की मागच्याला आधी अंदाज लागू नये.

ताईंना संपूर्ण मालकंस गायचाय. नेहमीच्या मालकंसात रिषभ आणि पंचम नाहीत. वीस वर्षांची बोटं ग-म-ध-नि अशीच पडतात. इथे ते दोन्ही सूर आहेत आणि ते कुठे, किती, कुणाच्या आधाराने येतात यातच सगळा राग. मी पहिल्या आवर्तनाला बोटं जवळजवळ उचलूनच ठेवली. षड्ज धरला, मध्यम धरला आणि ऐकलं. ताईंनी पंचम कसा ओलांडला ते तीनदा ऐकल्यावर चौथ्यांदा त्यांच्या मागोमाग टेकवला.

मग त्या थांबून म्हणाल्या, “दादा, इथे भरू नका. मी श्वास घेतेय, संपवलेलं नाही.” हेच कळायला सराव लागतो. सुगममध्ये ओळ संपली की जागा भरायची असते, नाही भरली तर पोकळी वाटते. इथे ती पोकळी गाण्याचा भाग असते. कुठे श्वास आहे आणि कुठे पूर्णविराम, हे प्रत्येक गाणाऱ्याचं वेगळं.

या सरावानंतर वहीचा एक नवा भाग सुरू केला: गाणाऱ्यांची पानं. प्रत्येकाची पट्टी, कोणत्या रागात कोणता सूर कसा लावतात, तानेआधी खूण देतात की नाही, मुखडा कुठून उचलतात, पेटी किती मोठी हवी, माइकमध्ये मागचं किती ऐकू हवंय. आतापर्यंत हे डोक्यात होतं. ही पानं बाहेर कुणाला दाखवायची नाहीत, पण माझ्या कामाचं भांडवल म्हणून एक गोष्ट दाखवा असं कुणी म्हटलं, तर मी पेट्यांच्या आधी या वहीकडे बोट दाखवीन.

आणि हो, सरावाच्या पैशांबद्दल तबलजी मित्राशी जो वाद होता, त्यावर तोही आज बसल्यानंतर काही बोलला नाही. रिक्षात मात्र म्हणाला, “हे बिनसरावाचं झालं नसतं.”

२९ सप्टेंबर

नवरात्र. अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगा महाद्वार रोडपर्यंत, आणि गल्लोगल्ली महिलांची भजनी मंडळं. इथे बिदागी नाममात्र. दरपत्रक करताना भजनं काढून टाकावीत असा मोह झाला होता. काढली नाहीत.

कारण हिशोबाचंच आहे. ताल, ठेका, पट्टी न बघता उचललेलं पद दोन ओळींत पकडून त्याच्या मागे जाणं, हे मी भजनातच शिकलो आणि अजून तिथेच ताजं राहतं. शिवाय माझ्या शिकवणीतली निम्मी मुलं भजनी मंडळातल्या आयांनी आणलेली आहेत. यासाठी वर्षाला ठरावीक संध्याकाळी बाजूला ठेवल्या, त्यांचा दर वेगळा. शिष्यांनाही तिथे पाळीने बसवायचं. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांची तयारी चालू राहीलच, विशारदचा कागद नोकरीला उपयोगी पडतो. पण परीक्षेत मुलगा एकटाच वाजवतो. कुणाच्या तरी मागे बसायला शिकवायचं तर बसवूनच शिकवावं लागतं.

१२ ऑक्टोबर

कराचं. कंटाळवाणं आहे, पण आमच्यात कुणी कुणाला सांगत नाही म्हणून लिहितो. एका कंपनीच्या दिवाळी कार्यक्रमाने गेल्या वर्षी माझ्या रकमेतून टीडीएस कापला आणि मी तो गेला असं धरून चाललो होतो. सीए मित्र म्हणाला, विवरणपत्र भर, कर तेवढा बसत नसेल तर परत येतो. व्यावसायिक सेवेवर १० टक्के कपात, आणि १ एप्रिल २०२५ पासून एकाच देणाऱ्याकडून वर्षात ५०,००० च्या वर गेलं तरच. जीएसटीची भीती तर विनाकारण: शास्त्रीय आणि लोककलेच्या सादरीकरणाला दर कार्यक्रमी दीड लाखापर्यंत सूट आहे. दीड लाखाची बिदागी मिळाली तर तो भरायला मी नाचत जाईन.

एक गोष्ट त्याने पटवून दिली. पाकिटातून आलेले पैसेही बँकेत जमा करायचे आणि वहीत तारखेसह लिहायचे. उद्या वाद्यासाठी कर्ज काढायचं झालं तर बँक पेटी ऐकत नाही, विवरणपत्रं बघते. राज्य सरकारच्या ज्येष्ठ कलाकार मानधनासाठी, पन्नाशीनंतर, आयुष्यभराच्या कामाचे पुरावे लागतात. दरमहा ५,००० मिळतात. आमच्या कितीतरी जुन्या साथीदारांकडे एकही निमंत्रणपत्रिका शिल्लक नाही, आणि असली तरी तिच्यावर त्यांचं नाव छापलेलं नसतं. म्हणून दरपत्रकात आणखी एक अट: पत्रिकेवर आणि फलकावर साथीदारांची नावं. तिचे पैसे नाहीत, पण मी ती सोडणार नाही.

२३ ऑक्टोबर

दिवाळी पहाट झाली. पाडव्याला पहाटे चारला पेटी लावून बसलो, थंडी अजून यायची आहे. सलग दोन जागी होतो, पुढच्या वर्षी एकच घेईन. दुसऱ्या जागी पोचेपर्यंत मी ऐकणं बंद करून नुसता वाजवत होतो. पैसे दुप्पट झाले खरे.

जुन्या पेटीचे सूर काकांनी लावून दिले. गांधार आता तंबोऱ्यात विरघळतो. तिसरीसाठी सूर गुजरातेतल्या पालिताणाचे घ्यायचे की दुसरे, यावर त्यांच्याकडे तासभर गेला. पालिताणाचेच ठरले, खर्ज-नर.

९ नोव्हेंबर

कागद तयार. एका पानाच्या वर जाऊ दिला नाही. वर नाव, त्याखाली ‘पेटीची साथ: ख्याल, नाट्यसंगीत, कथक लेहरा, कीर्तन, भजन’. सोलो नाही, ट्रॅकबरोबर नाही. मग दर तीन भागांत: बैठक, सरावासह बैठक, गावाबाहेर. तारखेच्या आधी निम्मी रक्कम. कार्यक्रम पावसाने किंवा अन्य कारणाने रद्द झाला तर आगाऊ रकमेतला अर्धा भाग माझा. पट्टी आणि पदांची यादी आठवडाभर आधी. नावं छापायची. माझ्या जागेवर दुसरा पेटीवाला पाठवायची वेळ आली तर गाणाऱ्याला विचारूनच.

पहिला कागद गडहिंग्लजच्या मंडळींना पाठवला. जानेवारीत बैठक आहे. त्यांचा फोन आला. आगाऊ रक्कम मान्य, प्रवास मान्य, नावं छापणार म्हणाले. रद्द झाल्यावरची अट मात्र त्यांना पटेना. “जानेवारीत कुठला पाऊस, दादा? ते काढून टाका.” मी म्हटलं, पाऊस खोडतो, ‘अन्य कारण’ राहू द्या. बऱ्याच घासाघिशीनंतर हो म्हणाले. गाणारे बुवा माझ्यासाठी नवीन, पट्टी काळी दोन. त्यासाठी माझ्याकडे लावलेली पेटी नाही, स्केल चेंजरच न्यावी लागणार. बुवांना तसं कळवलं आणि सरावाला पुढचा रविवार मागितला.